काटा लपवा, वही काढा

जिमची वर्षाची फी एकदम भरून महिन्याभरात जाणं थांबवणाऱ्या मुलामुलींना सरसकट आळशी म्हणणं मला अजिबात पटत नाही. बहुतेकांचं मोजमाप चुकलेलं असतं.

पहिल्याच दिवशी वजन होतं, आरशासमोर फोटो होतो, आणि मग रोज त्यातच फरक शोधला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंकडून नीट काम करून घ्यायला शिकते म्हणून. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने सहज जातात. वजनाचं तर विचारूच नका. स्नायूंत साठणारा एक ग्रॅम ग्लायकोजेन (म्हणजे साठवलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, नवा व्यायाम सुरू केला, तरी किलोभर इकडेतिकडे होतं. ती चरबी नव्हे. पण आकडा वाढलेला पाहून पोरगी दुपारचा डबा टाळते आणि संध्याकाळी तिच्या अंगात त्राण उरत नाही.

बारीक असणाऱ्यांनीही खूश होऊ नये. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

बाकी कोणता व्यायाम किती झाला, ते वहीत लिहा. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं: बैठका, टेबलाच्या कडेवर हात टेकून जोर, पुस्तकांनी भरलेली सॅक कमरेतून वाकून पोटाकडे ओढणं. प्रत्येकी ८ ते १० चे दोन सेट. सेट संपताना ‘अजून दोन-तीन निघाले असते’ असं वाटायला हवं. दोन आठवड्यांनी तिसरा सेट जोडा. तिन्ही सेट १२ चे नीट व्हायला लागले की मगच सॅकमधलं वजन वाढवा. बैठकीत टाचा उचलल्या जात असतील किंवा गुडघे आत वळत असतील, तर कमी खाली जा.

सगळ्यात जास्त घात करतो तो पहिल्या दिवशीचा उत्साह. शंभर बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं आंबतं की जिना उतरवत नाही, आणि तिथेच खंड पडतो. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायूंना गंभीर इजा झाल्याची ती खूण असू शकते.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांहून जास्त लागतील असं दिसलं. कुणाचे १८, तर कुणाचे २५४! एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. चुकलेला दिवस भरून काढायला दुप्पट व्यायाम करू नका; ठरलेल्या पुढच्या दिवशी ठरलेलंच करा.

आणि काका-मावशांनो, लग्नकार्यात भेटल्या भेटल्या ‘केवढी जाड झालीस गं’, ‘काडी झालायस नुसता’ हे कृपा करून थांबवा. एखादं मूल जेवण चुकवत असेल, दिवसभर आरशात अंग न्याहाळत असेल, ताप असतानाही व्यायाम सोडत नसेल, तर त्याला टोमणा मारू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा.