बिलाशिवायचे तांबे

गेल्या महिन्यात बडोद्याहून मामांचा फोन आला, तेव्हा विषय त्यांनीच काढला. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली वसाहतींमध्ये तयार झालेल्या मालाला बंदी करण्याचा कायदा आयर्लंड आणू पाहतो, हे त्यांनी वाचले होते आणि त्यांच्या मते तो निव्वळ पोरखेळ होता, इस्रायलशी वैर होते आणि व्यापारात राजकारण आणणे होते. दुसऱ्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंतच्या साऱ्या भावंडांनी त्यांचीच री ओढली, आणि एकाने लिहिले, "तिकडचे लोक रिकामटेकडे." मी चौदा वर्षे डब्लिनमध्ये राहतो. तो शब्द अजून माझ्या मनातून जात नाही.

मामांचा मुख्य आक्षेप रकमेचा आहे. 2020 ते 2024 या काळात त्या वसाहतींमधून आयर्लंडमध्ये आलेला माल सात लाख युरोंच्याही आतला होता. एवढ्याशा मालासाठी कायदा कशाला, असे ते विचारतात. मकरपुरा जीआयडीसीत मामांची ट्रान्सफॉर्मरच्या सुट्या भागांची शेड आहे. मी दहावीच्या सुट्टीत तिथे बसत असे, तेव्हा एक माणूस तांब्याच्या तारांचे भंगार बाजारभावापेक्षा बऱ्याच स्वस्तात घेऊन आला होता. मामांनी बिल मागितले, ते नव्हते, आणि "चाळीसच किलो तर आहे, शेठ" या त्याच्या विनवणीवर त्यांनी टेम्पो फाटकातूनच परत पाठवला. माल कोणाचा आहे हे ठरल्याशिवाय किती आहे हा प्रश्नच येत नाही, हे मी त्या दिवशी त्यांच्याकडून शिकलो.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या 49 व्या कलमानुसार, ताबा घेणाऱ्या सत्तेला आपले नागरिक त्या प्रदेशात वसवता येत नाहीत. 19 जुलै 2024 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात इस्रायलचे त्या भूमीवरचे अस्तित्व बेकायदा ठरवले आणि ते अधिक घट्ट करील असा व्यापार इतर देशांनी करू नये, असे स्पष्ट सांगितले. 1971 साली दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाबाबतही या न्यायालयाने असेच बजावले होते. हैफा किंवा तेल अवीवहून येणाऱ्या मालाला आयरिश विधेयक हातही लावत नाही, त्यामुळे त्याला इस्रायलशी वैर म्हणणे हा मामांचा सरळ गैरसमज आहे. युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये अशा मालावर वसाहतीचा उल्लेख सक्तीचा केला, पण त्यामुळे सरकारने पाळायचे कर्तव्य डब्लिनमधल्या रॅथमाइन्सच्या दुकानात खजुराचे खोके हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर येऊन पडते. स्लोव्हेनियाने ऑगस्ट 2025 मध्ये ते स्वतःकडे घेतले आणि हा माल बंद केला.

रिकामटेकडे म्हणे! डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्स या दुकानात मेरी मॅनिंग या तरुण मुलीने युनियनचा आदेश मानून वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रुट विकायला नकार दिला, तो दिवस 19 जुलै 1984, म्हणजे हेगच्या त्या मताच्या बरोबर चाळीस वर्षे आधीचा. तिच्यामागे सहकारी संपावर गेले, जवळजवळ पावणेतीन वर्षे थंडीपावसात फूटपाथवर उभे राहिले, आणि 1987 मध्ये सरकारने तिथल्या फळभाज्यांची आयातच थांबवली. ही पोटापाण्यासाठी काम करणारी माणसे होती.

आणि हा धडा आपल्याला परका तरी कुठे आहे? 1946 साली, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश हिंदुस्थान होता, आणि निमित्त होते तिथल्या भारतीयांचे, म्हणजे कितीतरी गुजराती व्यापारी कुटुंबांचेही, जमिनीचे हक्क काढून घेणारा कायदा. ज्या गुजरातेत मामा राहतात, तिथे तरी व्यापारात राजकारण आणू नये असे म्हणताना हे आठवायला हवे. मग मोरोक्कोचे काय, असे माझ्या मामेभावाने विचारले, तो प्रश्न मात्र रास्त आहे. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारातल्या खरबुजांना आणि टोमॅटोंना मोरोक्कोचे नाव लावता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये ठरवले. मला तो न्यायही पुढे जायला हवा आहे.

ऑफिसात भारताचा विषय निघाला की मी 1946 ची ही हकीगत अभिमानाने सांगतो. सप्टेंबर 2024 मध्ये हेगच्या मताच्या पाठिंब्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 124 देशांनी मत दिले आणि तटस्थ राहिलेल्या 43 देशांत भारत होता, हे मात्र मी कधी सांगितलेले नाही. तीन वर्षांपूर्वी हार्प वाद्याचे चिन्ह असलेला आयरिश पासपोर्ट घेतला तेव्हापासून मामा मला "तुमचे सरकार" म्हणतात, आणि मी मात्र अजून बडोद्याबद्दल बोलताना "आपल्याकडे" म्हणतो. ते ऐकून भावंडे गप्प होतात, ते मला जाणवते.

त्या फोनच्या शेवटी मामांनी आणखी एक गोष्ट विचारली होती. आयरिश सरकारचा या कायद्याचा जून 2025 चा मसुदा फक्त वस्तूंचा होता. सेवाही त्यात हव्यात, अशी शिफारस संसदीय समितीने पुढच्याच महिन्यात केली. "तुझी कंपनी तर सॉफ्टवेअर विकते, मग तिचे गिऱ्हाईक कोण, हे तू कधी विचारलेस का?" ते म्हणाले. मी कधी विचारले नव्हते. आवाज नीट येत नाही, असे सांगून मी फोन ठेवला.