बॅलास्टची वायर कापण्याआधी कॉइलचे ओहम मोजा

इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे १९७७ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, बॅलास्टची वायर कापतोय. कॉइलला सरळ बारा व्होल्ट देऊन टाकतो." (कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा भाग, आणि बॅलास्ट म्हणजे तिच्याकडे जाणारा प्रवाह कमी करणारा रोध.) कारण विचारलं तर म्हणाला, ग्रुपवर मेसेज आलाय. तोच मेसेज मला त्याआधी दोन ठिकाणांहून आला होता. मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. आता तो घरात शिरलाय, म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मूळ कॉइल काढा आणि ४०,००० व्होल्टची स्पोर्ट्स कॉइल बसवा, ताकद १० टक्के वाढते. कुठलीही कॉइल कुठल्याही गाडीला चालते. बॅलास्ट निम्मे व्होल्ट खातो, म्हणून ती वायर कापा. कॉइल दर दोन वर्षांनी बदला. गरम झाल्यावर गाडी बंद पडली तर कॉइलच गेली समजा. आणि कॉइलला उलटसुलट काही नसतं, वायरी कशाही लावा.

४०,००० व्होल्टचं आधी उरकतो. पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडले की कॉइलमधला दाब, म्हणजे व्होल्टेज, चढत जातो, पण प्लगच्या फटीतून ठिणगी उडाली की तिथेच थांबतो. एमजीबीच्या प्लगची फट ०.०२५ इंच, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. धडधाकट इंजिनात ती ओलांडायला डब्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मासुद्धा दाब लागत नाही. उरलेली क्षमता कॉइलमध्येच राहते, चाकापर्यंत पोचत नाही. गाडी आधी मिसिंग मारत असेल आणि नव्या कॉइलने ते थांबलं, तर हरवलेली ताकद परत आली एवढंच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून प्लगची फट वाढवली असेल, किंवा इंजिन शर्यतीसाठी बांधलं असेल, तर जोरदार कॉइलचा उपयोग होतो, हे मान्य. रविवारी फिरायला काढायच्या गाडीत होत नाही.

आता बॅलास्ट. याच मुद्द्यामुळे गाड्या खराब होणार आहेत.

साधारण १९७४ च्या शेवटी रबरी बंपरच्या एमजीबी आल्या, तेव्हापासून कॉइलकडे जाणाऱ्या वायरमध्येच रोध घातलेला आहे. ती वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, आत असते, बाहेरून साधी दिसते. तिच्यासोबत जी कॉइल दिली, ती निम्म्या व्होल्टवर चालण्यासाठीच बनवलेली आहे. कारण थंडीतली सकाळ. स्टार्टर फिरताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते, कधी त्याहून खाली. बारा व्होल्टची कॉइल तेव्हा नेमकी अशक्त पडते. म्हणून स्टार्टर फिरत असेपर्यंत त्याला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडकडून एक वेगळी वायर कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब देते, आणि किल्ली सोडली की पुरवठा पुन्हा बॅलास्टमधून सुरू होतो. म्हणजे बॅलास्ट निम्मे व्होल्ट खातो हे खरं आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

कंपनीच्याच वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आकडे आहेत. जुन्या गाड्यांच्या ल्यूकस एचए१२ कॉइलचा प्रायमरी रोध (तिच्या दोन टर्मिनलांमध्ये मोजलेला) ३.१ ते ३.५ ओहम. नंतरच्या बॅलास्टवाल्या कॉइलचा साधारण १.५ ओहम, आणि बॅलास्टचाही जवळपास तितकाच. आता शाळेतलं गणित करा. १.५ ची कॉइल आणि १.५ चा बॅलास्ट मिळून ३ ओहम, बारा व्होल्टला ४ अँपिअर. बॅलास्ट कापून सरळ पुरवठा दिला की ८ अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते: इग्निशन ऑन आणि पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलच्या तेल भरलेल्या बंद डब्यात २४ वॅटऐवजी ९६ वॅट. पॉइंटवरूनही तोच ८ अँपिअर जातो, ते काळेनिळे पडतात. सुरुवातीचे काही दिवस ठिणगी खरंच झणझणीत पडते, आणि मग लोक ग्रुपवर "फरक पडला" असं लिहितात.

मेसेज लिहिणाऱ्याला हे कुठून सुचलं याचा मला अंदाज आहे, आणि त्यात अर्ध सत्य आहे. बाजारात स्पोर्ट्स कॉइल दोन प्रकारची मिळते: डीएलबी १०५ या नंबरची ३ ओहमची, डीएलबी ११० ही बॅलास्टसाठी १.५ ओहमची. डब्यावर दोन्हीकडे "स्पोर्ट्स" हाच शब्द मोठा. कुणीतरी १०५ घेऊन बॅलास्टवाल्या गाडीत बसवली असणार. मग ४.५ ओहम झाले, प्रवाह पावणेतीन अँपिअरवर आला, गाडी रडायला लागली. त्याने बॅलास्ट टाळला आणि गाडी सुधारली. त्याच्या गाडीपुरता तो उपाय बरोबरच होता. पण कॉइल आणि बॅलास्ट ही जोडी असते, आणि एकाच्या जोडीचं औषध सगळ्या गावाला देता येत नाही. "कुठलीही कॉइल कुठल्याही गाडीला" हे वाक्य मुळातच चूक आहे, पुढची चूक त्यातूनच आली.

तपासायला पाच मिनिटं लागतात. कॉइलच्या दोन्ही वायरी काढा, मल्टिमीटर सगळ्यात खालच्या ओहमवर ठेवा, आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा, मग कॉइल मोजा. ३ च्या आसपास असेल तर बॅलास्ट नको, १.५ असेल तर हवाच. मग वायरी परत लावा, पॉइंट मिटलेले आहेत हे बघा, इग्निशन थोडा वेळच ऑन करा आणि पुरवठ्याच्या बाजूच्या टर्मिनलवर व्होल्ट बघा. बॅटरीइतके दिसले तर बॅलास्ट नाही, स्पष्ट कमी दिसले तर आहे. पॉइंट उघडे असताना मोजलंत तर प्रवाहच नसतो, बॅलास्ट असूनही बारा दिसतील आणि फसाल. भावाची कॉइल १.५ ची निघाली. कटर खाली ठेवायला लावला.

दर दोन वर्षांनी कॉइल? मॅन्युअलच्या देखभालीच्या यादीत प्लग आहेत, पॉइंट आहेत, कॉइल बदलणं कुठेच नाही. चांगली कॉइल कित्येक दशकं चालते.

गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं, हे बिघडत चाललेली कॉइल करते, खरं आहे. पण पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही हुबेहूब तेच करतो, आणि तो कितीतरी स्वस्त आहे. भावाची गाडीही अशीच बंद पडायची आणि दोष कंडेन्सरचाच होता, तो नवाच घातलेला असूनही. प्रत्येक प्लगकडे ठिणगी वाटणाऱ्या फिरत्या रोटरचा मधला रिव्हेट आतल्या दांड्याच्या फार जवळ असेल तर ठिणगी तिथूनच निसटते, तेही बघा. आणि किल्ली फिरवल्यावर मागच्या एसयू पेट्रोल पंपाची टिकटिक येते का ते ऐका. नसेल येत तर कॉइलच्या आधी पंपाकडे बघा.

उलटसुलट नसतं, हे साफ खोटं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असे आणि कॉइलवर एसडब्ल्यू (स्विचकडची बाजू) व सीबी (पॉइंटकडची बाजू) अशी अक्षरं असत. अशी गाडी ऋण अर्थवर बदलली, म्हणजे ऋण टोक बॉडीला जोडलं, की त्या दोन वायरींचीही अदलाबदल करावी लागते. प्लगचा तापलेला मधला दांडा ऋण असेल तर ठिणगी सहज पडते, उलट लावलं तर दाब जास्त लागतो. गाडी चालते, म्हणून लक्षात येत नाही, आणि प्लग झिजले की थंडीत सुरू होत नाही.

ज्यांनी वायर आधीच कापली आहे, त्यांनी आजच कॉइल मोजावी. १.५ ओहम आली तर तशी गाडी चालवू नका. एकतर ३ ओहमची कॉइल आणा, म्हणजे सरळ बारा व्होल्ट तिला योग्य होतील. नाहीतर दीड ओहमचा चिनी मातीचा बॅलास्ट बाहेरून पुरवठ्याच्या वायरीत जोडा आणि सोलेनॉइडकडून येणारी वायर थेट कॉइलवरच राहू द्या. तोवर इंजिन बंद असताना इग्निशन ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका.