हनुवटीवर लिंबू चोळायला सांगणारा तो फॉरवर्ड

इलेक्ट्रोलिसिसच्या, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने नको असलेले केस काढण्याच्या, आधी आणि नंतर काय करायचं, असा एक पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. असले मेसेज मी न वाचताच डिलीट करते, पण हा माझ्या मावसबहिणीने वाचला, नुसता वाचला नाही तर करून पाहिला, आणि पाचव्या दिवशी सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल, "ताई, हे काय झालंय बघ ना." हनुवटीवर तपकिरी पट्टा आणि त्यातून एक ओघळ खाली थेट गळ्यापर्यंत. आता गळ्याला सुई लागलीच नव्हती! तिथे फक्त रस ओघळला होता.

तर तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते. मेसेज म्हणतो, सुईमुळे त्वचेत अल्कली (म्हणजे आम्लारी) साठतं, ते मारायला सिटिंग झाल्या झाल्या लिंबाच्या रसात बेकिंग सोडा घालून चोळा. अहो, शाळेतलं आठवा जरा, आम्ल आणि आम्लारी एकत्र केले की ते फसफसून एकमेकांनाच संपवतात, मग त्या वाटीत अल्कली मारायला उरलं काय? बहिणीकडे तर सोडा नव्हताच, म्हणून नुसता रस लावला.

आता अल्कलीची गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजाने मान्य करते. इलेक्ट्रोलिसिसच्या गॅल्व्हॅनिक प्रकारात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट देतात, केसाच्या मुळाशी जे पाणी आणि मीठ असतं त्यातून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि तेच मूळ मारतं. पण ते किंचितसं, छिद्राच्या तळाशी, आणि शरीर ते स्वतःच निस्तरतं. वरून चोळलेलं लिंबू तिथे पोचत नाही, ते बसतं वरच्या हुळहुळलेल्या त्वचेवर. आणि थर्मोलिसिस हा दुसरा प्रकार असेल तर तिथे मूळ उष्णतेने जळतं, अल्कलीचा संबंधच नाही. (बहिणीचं थर्मोलिसिसच होतं. काय बोलणार.) लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल, आग तर होणारच, पण खरी भानगड पुढे आहे, लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते, आधी लाली, कधी फोड, मग तपकिरी डाग. याला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात. ही रस लावून भर दुपारी बाहेर फिरून आली. डाग जायला आता काही आठवडे, कदाचित महिने.

दुसरा मुद्दा, बधीर करणाऱ्या क्रीमचा जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळा. हे वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2007 सालीच याबद्दल जाहीर इशारा दिलाय, कारण लेसरने केस काढण्याआधी पायांना असंच क्रीम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुली गेल्या. औषध त्वचेतून रक्तात उतरतं, प्लास्टिकने आणखी जास्त उतरतं, मग झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वरच्या ओठापुरतं थोडंसं, तेही डॉक्टरांना विचारून, तर ठीक. पण "जाड थर"?

बाकीचं पटापट. आदल्या दिवशी वॅक्स करून जा म्हणे. अरे, सुई केसाच्या कडेने आत जाते, केसच उपटून टाकला तर ती शिरणार कुठे? वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं आधीचे काही आठवडे बंद, वाटल्यास दोन-तीन दिवस आधी रेझर फिरवा, म्हणजे जे वाढतायत तेवढेच केस वर दिसतात. चेहऱ्याला लावायची रेटिनॉलची क्रीम वगैरेही आधी काही दिवस बंद ठेवा.

खपली आली की स्क्रब करा, हा चौथा मुद्दा. टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या असतात त्या, खाजतात, हात जातोच, पण ओढून काढल्या की खाली डाग राहतो. आपोआप पडू द्या. गार पाण्याची पट्टी, साधं वास नसलेलं कोरफड जेल, एक-दोन दिवस मेकअप, गरम पाण्याची अंघोळ, पोहणं आणि घामाचा व्यायाम नको, बाहेर पडताना सनस्क्रीन, बास. मेसेजमध्ये बर्फ लिहिलाय तो चालेल, कपड्यात गुंडाळून. एवढंच काय ते बरोबर.

आणि शेवटचा, "केस परत आले म्हणजे पार्लरने फसवलं." त्या दिवशी जे केस विश्रांतीच्या टप्प्यात त्वचेखाली होते ते नंतर वर येतात, म्हणून तर महिनोन् महिने सिटिंग्ज घ्याव्या लागतात. 1875 मध्ये मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने आत वळलेल्या पापण्यांचे केस काढायला ही पद्धत वापरली, तेव्हापासून काम एकेका केसावरच चालतं, एका फटक्यात सगळे जात नाहीत.

बहिणीने पुढची सिटिंग डाग उतरेपर्यंत लांबवलीय. मेसेज कुणी पाठवला विचारलं तर म्हणे ऑफिसमधल्या मैत्रिणीने. तिने केलंय का इलेक्ट्रोलिसिस? "नाही गं, तिला सुईची भीती वाटते."