ऑईल डुप्लिकेट नाही दादा, दीड लिटर कमी पडलंय (मालकाकडून उत्तर)

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री पोरीनं वाचून दाखवला, जेवण झाल्यावर परत दोनदा मी स्वतः वाचला आणि तुम्ही टाकलेले दोन्ही फोटो मोठे करून बघितले, म्हणून उत्तराला एक दिवस गेला. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो, चुकलं तर सांगा. आमच्या उद्यमनगरच्या दुकानातनं तुम्ही जुन्या ऑटोमॅटिक पिकअपसाठी गिअरबॉक्सचं ऑईल घेतलं, आठ लिटर, सोबत फिल्टर आणि पॅनचं (गिअरबॉक्सच्या बुडाला बोल्टनं बसवलेलं ऑईलचं ताट) पॅकिंग. घरीच बदललं. तीन लिटरच बसलं, पाच लिटर पडून आहे, काउंटरवरचं पोरगं परत घेईना. बदलल्यापासून डी मध्ये (पुढं जायच्या गिअरला) टाकलं की गाडी दोन सेकंद विचार करती, आणि रविवारी पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढाला नुसती रेस व्हायला लागली, गाडी पुढं सरकंना. म्हणून ऑईल डुप्लिकेट. आणि मालक फोनवर उर्मट बोलला.

शेवटचं आधी घेतो. व्हय, बोललो. काउंटरला गर्दी होती, तुम्ही म्हणालासा गाडी स्लिप मारतीया (म्हणजे तीच, नुसती रेस होती), मी म्हणालो "चालवू नका, लेव्हल बघा" आणि फोन ठेवला. सल्ला बरोबरच होता पण तो असा तोंडावर फेकायचा नसतो, माफ करा.

आणि आठ लिटर दिलं ही पण आमचीच चूक. काउंटरवरच्या पोरानं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघितलं, तिथं नऊ लिटर लिहिलंय, शेल्फवर आठ होतं, आठ दिलं. ते नऊ लिटर म्हणजे गिअरबॉक्स पार कोरडा असताना, उघडून बांधल्यावर लागतं तेवढं. घरी पॅन खोलून सोडलं तर साधारण निम्मं बाहेर येतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑईलमधनं गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलरच्या पाइपात, व्हॉल्व्ह बॉडीत (ऑईलचा रस्ता बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) बसून राहतं, ते बोल्ट खोलून येत नाही. त्यानं एवढंच विचारायला पाहिजे होतं की दादा, नुसतं पॅन सोडणार का सगळं धुऊन काढणार. विचारलं नाही. अशा जुन्या ऑटोमॅटिक पिकअप आपल्याकडं बोटावर मोजण्याइतक्या, दिवसभर बुलेट नाहीतर छोट्या हत्तीचं ऑईल देणारं पोरगं गडबडलं, पण तो बहाणा झाला. सीलबंद कॅन परत घेतो, पूर्ण पैसे, कधीही या. (पण लगेच परत देऊ नका, का ते खाली सांगतो.)

आता डुप्लिकेटचं. इथं मी मागं सरकणार नाही, कारण तुमचा पहिला फोटोच माझ्या बाजूनं बोलतोय.

कंपाउंडच्या भिंतीवर लायनीनं पाण्याच्या पाच बाटल्या, लिटरच्या, त्यात तुम्ही काढलेलं जुनं ऑईल. चार गळ्यापर्यंत भरलेल्या, पाचवी अर्धी. म्हणजे साडेचार लिटर निघालं. शेजारी आमचे पाच कॅन, सील तसंच. आठातले पाच गेले तर राहिले तीन. साडेचार काढलं, तीन घातलं. दीड लिटर कुठं गेलं दादा? ते त्या सीलबंद कॅनमध्येच आहे, गाडीत नाही. घरी बदलताना निम्मा खेळ या एकाच गोष्टीचा असतो, निघालं ते मोजायचं आणि तेवढंच परत घालायचं. तुम्ही तर बाटल्यात भरून मोजलं होतं, लई जण तेवढं पण करत नाहीत, थेट घमेल्यात सोडतात आणि मग अंदाजे ओततात.

मग तीनवरच का थांबला असाल, तर दांडीवर (लेव्हल बघायच्या डिपस्टिकवर) फुल्ल दिसलं म्हणून. आणि ते फुल्ल दिसलं कारण तुम्ही इंजिन ऑईलच्या सवयीनं गाडी बंद करून दांडी बघितली, असा माझा अंदाज. तुमच्या गाडीला ही लेव्हल इंजिन चालू ठेवून बघायची असती. इंजिन चालू झालं की गिअरबॉक्सचा पंप पॅनमधलं ऑईल ओढून कन्व्हर्टरमध्ये आणि सगळ्या रस्त्यानं फिरवतो, पॅनमधली पातळी खाली बसती. बंद केलं की त्यातलं बरंचसं परत पॅनमध्ये उतरतं आणि दांडी म्हणती भरलंय. नवं ऑईल ओतून बंद गाडीत बघितलं तर ती खोटंच सांगणार. (काही गाड्यांना बंद करून बघायला सांगितलेलं असतं, म्हणून आपल्या मॅन्युअलचं पान उघडायचं, भावाच्या गाडीचं ज्ञान आपल्या गाडीला लावायचं नाही.)

आणि दुसरं, ती पाचवी अर्धी बाटली नीट बघा. आतलं ऑईल बाटलीला तिरकं उभारलंय. मोबाईल वाकडा धरला असता तर बाटली आणि ऑईल दोन्ही मिळून वाकडी दिसली असती, इथं बाटली सरळ आणि ऑईल तिरकं, म्हणजे भिंतच उताराला आहे आणि तुमचं दारही. अशा उतारावर दांडीची लेव्हल खरी येत नाही, एका बाजूला ऑईल साचतं.

कमी ऑईलवर काय होतं तर चढाला गाडी मागं कलती, ऑईल पॅनच्या मागच्या बाजूला पळतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप ऑईलच्या जागी हवा ओढतो. हवा दाबली जाती, ऑईल दाबलं जात नाही, सगळा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या एका गोष्टीवर चालतो. प्रेशर गेलं की आतल्या क्लचच्या चकत्या घट्ट धरत नाहीत, घासत राहतात, तुम्हाला आरपीएम वाढलेला दिसतो आणि गाडी तिथंच. दारातनं निघताना डी ला दोन सेकंद लागतात ते पण तेच, प्रेशर जमायला वेळ लागतोय. यात ऑईलची प्रत कुठं आली?

रंगाचं पण लिहिलंय तुम्ही, की जुनं तपकिरी होतं आणि आमचं लालभडक सरबतासारखं, म्हणजे रंग मारलेलं. रंग मारलेलंच असतं ओ, सगळ्याच कंपन्या बहुतेक लाल रंग घालतात, गळती झाली तर इंजिन ऑईलपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून. रंगावरनं प्रत कळत नाही, आणि दोन लाल ऑईल एकच असतात असं पण नाही. जुनं तपकिरी झालं ते उष्णतेनं आणि चकत्यांच्या झिजेनं.

तिसरा मुद्दा, कुणीतरी तुम्हाला सांगितलं की डेक्सरॉन तीन नंबर बंद झालंय म्हणजे बाजारात आहे ते सगळं नकली. अर्धं खरं आहे. डेक्सरॉन हे गिअरबॉक्स ऑईलच्या प्रतीला जनरल मोटर्सनं दिलेलं नाव. त्यांनी 2005 ला सहा नंबर आणला आणि 2006 नंतर तीन नंबरची लायसन्स देणं बंद केलं. म्हणून आता कुठल्याच कॅनवर तीन नंबरचा लायसन्स नंबर मिळणार नाही, "तीन नंबर लागणाऱ्या गाड्यांना चालतं" एवढंच कंपनी आपल्या जबाबदारीवर छापती. नामांकित कंपन्या अजून बनवतात कारण जुन्या गाड्या अजून पळतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तीन नंबरच लिहिलाय, तेच दिलं. बिलावर बॅच नंबर आहे, कॅनवरच्या नंबरशी ताडून बघा, आणि तरी शंका असली तर एक सीलबंद कॅन घेऊन या, तुमच्यासमोर कंपनीच्या माणसाला फोन लावतो.

पॅकिंग गळतंय म्हणालासा, ते बहुतेक जास्त आवळल्यामुळं. पॅनचे बोल्ट बारके असतात, बऱ्याच गाड्यांना 10 ते 15 न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, व्हील नटसारखा जोर लावला की पत्र्याची कड वाकती आणि पॅकिंग चिरडून बाहेर येतं. नवं पॅकिंग माझ्याकडून फुकट, पण आधी पॅनची कड काचेवर ठेवून सपाट आहे का बघू.

दुसऱ्या फोटोबद्दल मात्र रागावणार आहे. जॅक, जॅकखाली दोन विटा, आणि खाली तुमचे पाय दिसतायत. दादा, वीट सांगून फुटत नाही. ऑईलचं भांडण आपण कधीही करू पण गाडीखाली जाताना चांगले स्टँड लावा, मागच्या चाकाला दगड लावा, स्टँड नसतील तर दुकानातले घेऊन जा, भाडं घेत नाही. त्याच फोटोत कॉटन वेस्ट पण दिसतंय, त्यानं दांडी पुसू नका, एक धागा आत गेला तर व्हॉल्व्ह बॉडीच्या बारक्या भोकात जाऊन बसतो. सूत न सुटणारं फडकं घ्या.

आता काय करायचं ते. गाडी घाटाला, पन्हाळ्याला कुठंच न्यायची नाही. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, आधी बंद गाडीत एक लिटर घाला. मग चालू करा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी सगळीकडं थोडा थोडा वेळ फिरवा म्हणजे सगळ्या रस्त्यात ऑईल जाईल, परत पी ला आणा, आणि इंजिन चालूच ठेवून दांडी बघा. पुसा, घाला, काढा, दोन्ही बाजू बघा, एका बाजूला जास्त दिसलं तर कमी असलेली बाजू खरी धरा. दांडीवरच्या थंडच्या खुणेपर्यंत येईल असं थोडं थोडं घालत जा, दीड लिटर माझा हिशोब आहे पण खरं दांडीच सांगणार. मग सपाटीला पाच दहा किलोमीटर फिरवा, ऑईल गरम झालं की फुगतं, तेव्हा गरमच्या खुणेला आलं पाहिजे. उत्साहात जास्त पण घालू नका, पातळी फिरणाऱ्या भागांना लागली की ते घुसळून फेस करतात, आणि फेस म्हणजे परत हवाच, स्लिप तशीच राहणार आणि वरनं ब्रीदरमधनं (हवा बाहेर जायच्या नळीतनं) ऑईल बाहेर.

हे केल्यावर स्लिप गेली तर उरलेलं ऑईल कामाला येईल, लगेच परत देऊ नका म्हणालो ते याच्यासाठी. आत्ता तुमच्या गाडीत निम्मं नवं, निम्मं जुनं असं मिश्रण होणार. हजारभर किलोमीटर चालवून परत एकदा तसंच सोडलं आणि भरलं की तीन चतुर्थांश नवं होतं. त्याला साडेचार लिटर लागेल, तुमच्याकडं साडेतीन उरेल, वरचं एक लिटर माझ्याकडून. पटलं नाही तर पैसे घेऊन जा, दोन्हीला हरकत नाही.

आणि स्लिप गेली नाही तर? मग खरं सांगतो, ऑईलनं दुरुस्त होण्याच्या पुढची गोष्ट आहे. जुन्या ऑईलला जळका वास होता असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे चकत्या आधीच भाजलेल्या असू शकतात, त्यात रविवारचा चढ. पॅनमधल्या लोहचुंबकावर राखी रंगाचा मऊ लगदा असला तर ते वयाचं आहे, पण चकाकणारे तुकडे हाताला लागत असतील तर गिअरबॉक्स खोलावा लागतो, आणि तो आमचा धंदा नाही, जाणता माणूस सुचवीन. चुंबकाचा फोटो काढला असला तर तेवढा टाका.

बुधवारी दुपारनंतर गर्दी कमी असती, तेव्हा या. बिल सापडलं नाही तरी चालेल. येताना त्या पाच बाटल्या मात्र आठवणीनं आणा, वापरलेलं ऑईल आम्ही ड्रममध्ये साठवून रिसायकलवाल्याला देतो. दारातल्या गटारीत ओतलं तर जयंती नाल्यातनं थेट पंचगंगेत. आणि आणेपर्यंत भिंतीवरनं खाली काढून कुलपात ठेवा, पाण्याचं लेबल तसंच आहे त्यांच्यावर आणि आतलं काळ्या चहासारखं दिसतंय, गल्लीतलं एखादं पोरगं तोंडाला लावायचं.