फ्रीज तिच्याकडे, हप्ता माझ्याकडे

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की लग्न न करता एकत्र राहिलेली जोडी वेगळी झाली, तर कर्ज नात्याच्या मागे जात नाही, सहीच्या मागे जातं. त्यावर गोरेगावच्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. चिडून लिहिलीय, पण मुद्द्याची आहे. थोडक्यात अशी:

"काकू, तुम्ही जन्म बँकेत काढलात म्हणून बँकेचीच भाषा बोलता. आम्ही तीन वर्षं एका घरात राहिलो. घर लावायला मी माझ्या नावावर ५ लाखांचं पर्सनल लोन काढलं. डिपॉझिटचे दीड लाख, फ्रीज, वॉशिंग मशीन, पलंग, सगळं त्यातूनच. हप्ता साडेअकरा हजारांचा, ती दरमहा ७ हजार पाठवायची. आता ती ठाण्याला गेली. मी त्याच घरात आहे. फ्रीज-मशीन तिच्याकडे, हप्ता माझ्याकडे, आणि २ लाख ४० हजार बाकी. लग्न झालं असतं तर कोर्टाने अर्धं-अर्धं केलं असतं. बायकांना घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, आम्हाला काय? आणि तुम्हीच लिहिलंत की सहकर्जदार अर्ध्याचा देणेकरी असतो. मग वापरणाऱ्याने अर्धं द्यावं हे तुम्हालाही मान्यच आहे की!"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. सहकर्जदार अर्ध्याचा देणेकरी असतो हे मी घाईत लिहिलं आणि ते चुकीचं आहे. दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल तर बँकेच्या दृष्टीने दोघंही पूर्ण रकमेचे देणेकरी. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ तसंच सांगतं: देणं संयुक्त असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर धनको कोणा एकाकडूनही सगळी रक्कम वसूल करू शकतो. ज्याने जास्त भरलं त्याने नंतर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. अर्धं-अर्धं हे दोघांच्या आपसातलं गणित आहे, बँकेच्या खिडकीवर ते चालत नाही.

आणि हे मला चांगलं माहीत असायला हवं होतं. मी कर्ज विभागात असताना एक मुलगी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद लावून आली होती. बाकी रक्कम, त्याखाली पेन्सिलीने भागिले दोन, आणि तेवढ्या रकमेचा चेक, टाचणीने लावलेला. म्हणाली, "मॅडम, माझं अर्धं घ्या आणि माझं नाव काढून टाका." चेक घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती, कर्ज तेवढं कमी झालं असतं. पण नाव निघणार नव्हतं. उरलेलं अर्धंही तिचंच होतं, त्या मुलाइतकंच. मी ते सांगितल्यावर तिने टाचणी काढली, चेक पुन्हा फोल्डरमध्ये ठेवला आणि विचारलं, "मग त्याने भरलं नाही तर?" तर तुझ्या सिबिल रिपोर्टमध्येही तेच थकीत दिसेल, म्हटलं. पुढे त्याने बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं, तरी शेरा 'सेटल्ड' असाच पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि तो दोघांच्याही रिपोर्टमध्ये.

याच कायद्याचं कलम ४४ फार कमी लोकांना ठाऊक असतं. धनकोने संयुक्त देणेकऱ्यांपैकी एकाला मोकळं केलं, तरी दुसरा सुटत नाही. आणि जो मोकळा झाला तोही आपल्या जोडीदाराला वाटा देण्यातून सुटत नाही.

आता तुमचं. तुमच्या कर्जावर सही फक्त तुमची आहे. बँकेपुरतं ती या कर्जात कुठेच नाही. फॉर्ममध्ये 'रेफरन्स' म्हणून तिचा नंबर दिला असेल तरीही नाही. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण हप्ता चुकला की वसुलीवाले त्याच नंबरावर फोन करतात आणि समोरचा माणूस घाबरून भरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदारालाही करता येत नाही, नातेवाईक-मित्रांना छळणं तर लांबच. उलट, जामीनदार म्हणून सही असेल तर करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "मी नुसती साक्षीला होते" असं म्हणणारे किती जण मी जामीनदाराच्या रकान्यात पाहिलेत!

पण म्हणून तुमच्या हातात काहीच नाही असं मी म्हणत नाही, आणि मागच्या लेखात हे नीट आलं नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. बँकेशी तुमचा एक करार. तुम्हा दोघांत आणखी एक करार झाला असेल, की कर्ज तुमच्या नावावर पण फेडायचं दोघांनी, तर तो तोंडी असला तरी करारच असतो. प्रश्न सिद्ध करायचा. इथे मला तुमचे आकडे नडतात. साडेअकरा हजारांचं अर्धं पाच हजार सातशे पन्नास होतं. ती सात हजार पाठवायची. मग ते हप्त्याचं अर्धं होतं, की भाडं, वाणसामान, लाइट बिल सगळं धरून तिचा महिन्याचा वाटा? तिचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. यूपीआयवर पैसे पाठवताना ती खाली काय लिहायची ते बघा. 'ईएमआय' लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. 'घर' किंवा नुसता हसरा चेहरा असेल, तर तो दोन्हीकडून वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कधी "लोन आपण दोघं मिळून फेडू" असं काही असेल तर ते फोनमधून पुसू नका. कोर्टात असा मजकूर नुसत्या स्क्रीनशॉटवर चालत नाही, नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकील ते करून देतो.

मुदतही लक्षात ठेवा. अशा पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षं मिळतात. त्या मुदतीत तिने देणं लेखी कबूल केलं, सहीनिशी, तर तिथून पुन्हा मोजणी सुरू होते.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली जी गोष्ट मला सर्वांत खटकली ती. कर्जातले दीड लाख डिपॉझिटला गेले असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्याच घरात तुम्ही राहताय असंही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते दीड लाख मालकाकडे सुरक्षित आहेत आणि घर सोडाल तेव्हा तुमच्या खात्यात येणार आहेत. मग २ लाख ४० हजारांचं अर्धं कसं मागता? दीड लाख वजा केले की राहतात ९० हजार. त्याचे अर्धे ४५, आणि फ्रीज-मशीनची आजच्या भावाने जी काय किंमत येईल त्यातला तुमचा वाटा. तीन वर्षं वापरलेल्या फ्रीजला जुनं सामान घेणारा काय देतो ते एकदा विचारून बघा, मन थंड होईल. तिनेही डिपॉझिटमध्ये काही घातलं असेल, तर तो हिशेब आणखी वेगळा. माझा अनुभव असा की वेगळं झाल्यावर प्रत्येकाला कर्ज लगेच आठवतं आणि डिपॉझिट सावकाश.

"लग्न झालं असतं तर अर्धं-अर्धं" हा समज इतका पक्का आहे की मला लग्न झालेल्या जोडप्यांनाही तो समजावावा लागायचा. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता लग्नाने एक होत नाही, आणि कर्जंही होत नाहीत. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी बायकोने सही केल्याशिवाय तिच्या अंगावर येत नाही. अर्ध्या वाट्याची पद्धत बघायची तर गोव्यात जा. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून लागू असल्याने, वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मिळकत सामाईक होते. सावंतवाडीपर्यंत आलात की तो नियम संपला. मुंबईत तुम्ही लग्न केलं असतंत तरी हे कर्ज तुमचंच राहिलं असतं. घटस्फोटाच्या वेळी पोटगी ठरवताना कोर्टाने दोघांचं उत्पन्न आणि देणी बघितली असती, एवढंच.

लग्नाने जिथे खरंच फरक पडतो ती जागा वेगळी आहे. आपल्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घ्यायला १९८८ च्या बेनामी कायद्यात मनाई आहे, पण नवरा-बायकोच्या नावावर आपल्या ज्ञात उत्पन्नातून मालमत्ता घेतली तर सूट आहे. सोबत राहणारा जोडीदार त्या सुटीत नाही. तेव्हा प्रेमापोटी पूर्ण फ्लॅट तिच्या किंवा त्याच्या नावावर घेऊन हप्ते आपण भरायचे, हा उद्योग करण्याआधी वकिलाकडे एक फेरी मारा.

बायकांच्या कायद्याबद्दल. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात 'विवाहासारखं नातं' हे शब्द आहेत, आणि त्या कायद्याखाली तक्रार बाईच करू शकते, पुरुष नाही. तुमचं हे म्हणणं खरं आहे आणि ते झाकायचं मला कारण नाही. पण तो कायदा हिंसेसाठी आहे, आर्थिक छळही त्यात धरला आहे. वेगळं होण्याचा हिशेब करण्यासाठी तो नाही. आणि प्रत्येक सोबत राहणं त्यात बसत नाही. २०१० च्या वेलूसामी निकालात सुप्रीम कोर्टाने अटी घातल्या: दोघं लग्नाच्या वयाची, लग्न करायला मोकळी, जगासमोर जोडपं म्हणून वावरणारी, बराच काळ एकत्र राहिलेली. नुसते शनिवार-रविवार एकत्र काढले तर ते विवाहासारखं नातं होत नाही, हेही त्यात आहे. २०१३ च्या इंद्रा शर्मा निकालात कोर्टाने बघायच्या गोष्टी आणखी तपशिलाने सांगितल्या, आणि त्यांत पैसे एकत्र ठेवणं, सामाईक खातं हेही आहे. समजा, तिथे बाईच्या बाजूने आदेश झाला, भाडं किंवा भरपाई द्यायला लावली, तरी बँकेच्या कागदावरची नावं बदलत नाहीत. तिच्या सहीचं कर्ज तिचंच, तुमच्या सहीचं तुमचंच. तुमच्या प्रकरणात तर तिने तसली कुठलीच तक्रार केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, मग तो कायदा मध्ये आणला कशाला, हे मला कळलं नाही.

एक काम मात्र तुम्ही या आठवड्यात करा. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावावर आहे का ते बघा. असेल, तर ती ठाण्याला गेली तरी कागदावर अजून गोरेगावातच आहे. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागू शकतो, आणि करारात तिचं नाव असेल तर तिलाही त्यात ओढेल. तिच्यासाठी नाही, तर तुमच्यासाठी म्हणून सांगते: मालकाकडून नवा करार फक्त तुमच्या नावाने करून घ्या, आणि त्या वेळी जुन्या डिपॉझिटचं काय झालं हे तिघांच्या सहीने लिहून ठेवा. सामाईक खातं असेल आणि त्यावर 'दोघांपैकी कोणीही' अशी सोय असेल, तर ती बदलून 'दोघांच्या सहीने' करा, नाहीतर खातंच बंद करा. तुमच्या क्रेडिट कार्डावर तिला अ‍ॅड-ऑन कार्ड दिलं असेल तर ते आजच थांबवा. त्यावरचा प्रत्येक रुपया मुख्य कार्डधारकाचा असतो.

तडजोड लिहायला बसलात तर स्टॅम्प पेपर शंभराचा आणू नका. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे तो पाचशेचा झालाय. आणि मजकुरात "एकत्र राहिल्याबद्दल" असे शब्द घालू नका, नाहीतर कोणीतरी करार कायद्याचं कलम २३ काढून करार अनैतिक ठरवायला बघेल. खर्चाची आणि कर्जाची वाटणी, एवढंच लिहा. ४५ हजारांसाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या नसतील, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही.

तिला पहिला मेसेज पाठवाल तेव्हा डिपॉझिटचा आकडा तुम्हीच आधी लिहा, कर्जाचा नंतर. आणि यूपीआयच्या त्या नोंदीत काय सापडतं ते इथे कळवा.