कोण गेलं?

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर, भिंत आणि गादी यांच्यामध्ये पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानासारखा उभा होतो. नडगीवरचा निळा डाग अजून गेलेला नाही. डाग जाईल. बाकीचं जाईल असं वाटत नाही.

झालं असं की आईचा गुडघा बदलला. डोक्याकडून वर होणारी उंच खाट भाड्याने आणली आणि ती मुलाच्या खोलीत लावली. मुलगा नोकरीला बंगळुरूला. त्याची गादी हॉलमध्ये आली. "टाकू नका हं बाबा, दिवाळीत येतोय," हे त्याचं फोनवरचं वाक्य. त्यापुढे तीन आठवडे आमच्या घरात ती गादी सोडून दुसऱ्या कुणालाही नीट जागा नव्हती.

2021 मध्ये ही गादी आली तेव्हा खोक्यात आली होती. हवा काढून, गुंडाळून. मी एकट्याने खांद्यावर टाकून तीन मजले चढवली होती, आणि वर बायकोला म्हणालोही होतो, "बघ, किती सुटसुटीत!" प्लास्टिक कापलं तशी तिने एक लांब उसासा टाकला आणि खोली भरून टाकली. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, आठ इंच जाड. ती पुन्हा खोक्यात जात नाही, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मोठी प्लास्टिकची पिशवी मागवून, तिला व्हॅक्यूम क्लीनर लावून तोही प्रयोग केला. रात्री पापडासारखी चपटी झाली. सकाळी पाहतो तर कुठूनशी हवा घेऊन पहिल्यापेक्षा टवटवीत. नंतर कळलं की झालं ते बरंच झालं, कारण फोम महिनोन्‌महिने दाबून ठेवला की तो पुन्हा धड फुगत नाही.

मग माळा. माळ्याचं तोंड अडीच फूट. मग खाटेखाली. खाटेला मधोमध पाय. मग हॉलच्या दारामागे उभी केली, तर आठ दिवसांत कमरेत वाकली. मेमरी फोमची गादी उभी ठेवायचीच नसते म्हणे, स्वतःच्या वजनाने खाली बसते. आडवी ठेवायची, जमिनीला न टेकवता फळीवर, वर काहीही न रचता. आणि घट्ट प्लास्टिकमध्ये नाही, सुती चादरीत. नाहीतर पावसाळ्यात आतली ओल आतच राहते आणि दिवाळीत पोरगा बुरशीवर झोपतो. सोडा भुरभुरवून, झटकून, कोरडी करून दोन चादरींत गुंडाळण्यापर्यंत सगळं केलं. राहिला प्रश्न आडवी ठेवण्याचा. त्यासाठी साडेबत्तीस चौरस फूट मोकळी जमीन लागते. डोंबिवलीत तेवढी जमीन माझ्याकडे असती तर मी त्यावर गादी ठेवली असती का? भाडेकरू ठेवला असता.

लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण गादी ही गुंडाळायची गोष्ट होती. वळकटी करायची, सुतळी बांधायची, कोपऱ्यात एकावर एक रचायच्या, वर जुनी चादर. त्या ढिगाला दिवसा सोफा म्हणायचे. मे महिन्यात दहा पाहुणे आले तरी ढीग उतरायचा आणि सकाळी पुन्हा चढायचा. गोळे झाले की पिंजारी यायचा. अंगणात बसून धनुकलीची तार टंग-टंग वाजवत कापूस असा काही उडवायचा की आम्ही पोरं पांढऱ्या मिशा लावून घरी यायचो. तोच कापूस, तीच गादी, नवी खोळ, नवे टाके. आताच्या गादीवर दहा वर्षांची गॅरंटी असते, पण ती दिवसा कुठे ठेवायची हे कुणी सांगत नाही. आणि खरं सांगू का, पाहुणे येत नाहीत म्हणून आम्ही उगाच हळहळतो. आले तर त्यांना झोपवणार कुठे?

तर शेवटी गोडाऊन. महिन्याला बाराशे, वर 18 टक्के जीएसटी, नेण्याचे दीड हजार, आणण्याचे दीड हजार. पाच महिन्यांचे 10,080 रुपये. गादी घेतली होती साडेअकरा हजारांना. हा हिशेब मी बायकोला अजून दाखवलेला नाही.

"दोन माणसं येतील," असं फोनवर सांगितलं होतं. आला एक. दुसरा माणूस मी, हे मला जिन्यात कळलं. लिफ्ट नाही. वळणावर गादी फसली, वरचं टोक कठड्यात, खालचं माझ्या छातीवर. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "साहेब, धरा, एक मिनिट," म्हणत तो कठड्यावरून पाय टाकून खाली गेला. मला दिसत होती फक्त चादरीवरची फुलं.

खालून चपलांचा आवाज आला आणि थांबला. दुसऱ्या मजल्यावरचे काका. वय पंचाहत्तर, ऐकायला थोडं कमी, बोलायला अजिबात कमी नाही.

"कोण गेलं?" काकांनी विचारलं.

मी "हमाल" म्हणणार तेवढ्यात गादीचा कोपरा सटकून नडगीवर बसला.

"आई गं!"

पलीकडे शांतता. मग एकदम खाली आलेला आवाज. "अरेरे. कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

"त्रास झाला का फार?"

"छे, कसला! फोन आला आणि गेला."

काकांना शेवटचं अक्षर ऐकू आलं नसावं. "बोलावणंच ते," ते म्हणाले. "भाग्य लागतं. कुणाला त्रास नाही, काही नाही."

"मला आहे ना त्रास!"

"असणारच. मुलगा आहेस."

हे वाक्य मला तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं. पण छातीवर गादी असताना माणूस वाक्यांची छाननी करत नाही.

"मी म्हणतो, येईल परत, म्हणून थांबलोय," मी म्हणालो.

"वाटतं तसं पहिले काही दिवस."

"काही दिवस? पैसे आधीच घेतलेत!"

"घेतातच रे. हॉस्पिटलवाले कुणाला सोडतात?"

इथे मला पहिल्यांदा शंका आली. पण पलीकडून टुक-टुक असा आवाज येत होता. काका बोलता बोलता मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. मग ते खाकरले. "बाकी वहिनींची गादी इतक्या लगेच खाली काढायला नको होती. निदान दहा दिवस... असो, तुमच्या घरचा प्रश्न. आता ही बोलायची वेळ नव्हे, पण राहून जायला नको. आमचं इडलीपात्र वहिनींकडे आहे."

"काय?"

"घाई नाही. दिवस झाल्यावर दे."

काकांचा तर्क तसा चोख होता. मागच्या महिन्यात दाराशी अ‍ॅम्ब्युलन्स. मग हॉस्पिटलसारखी खाट वर. आता चादरीत गुंडाळलेली गादी खाली. आपल्याकडे जिन्यातून गादी उतरताना दिसली की लोक दुसरं काही विचारतच नाहीत. घर बदलताना मीही लोकांच्या गाद्यांकडे तसंच पाहिलेलं आहे.

"काका, आईला काही झालेलं नाही!" मी गादीच्या आतून ओरडलो. ते बाहेर कसं ऐकू गेलं असेल कोण जाणे, कारण काका म्हणाले, "हो हो, रड. मोकळा हो."

आणि तेवढ्यात वरून, आमच्या दारातून, वॉकर आपटल्याचा आवाज आणि पाठोपाठ आईचा: "अरे, अडकली का? तरी म्हणत होते, आडवी घे म्हणून!"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले त्याचा मला अजून राग आहे. "मग आधी नाही का सांगायचं?" ते चिडून म्हणाले. "माणसाला उगाच वाईट वाटून घ्यायला लावतोस!" आणि चपला फटफटवत निघून गेले. गादीला हात? नाही लावला. पंधरा मिनिटं शोकात माझ्यासमोर उभा असलेला माणूस, पण गादीला बोट नाही.

हमाल तंबाखू मळत परत आला. गादी गेली. दुपारी गोडाऊनमधून फोटो आला, गादी सुरक्षित असल्याचा. उभी आहे. तिला टेकून कुणाचा तरी फ्रिज.

वर आलो तर सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. "तिसऱ्या मजल्यावरील वहिनींचे अल्पशा आजाराने..." खाली चौदा जणांचे जोडलेले हात. त्यातले निम्मे असे की आई गुडघ्यासाठी अ‍ॅडमिट होती तेव्हा त्यांनी एक फोन केला नव्हता. अर्ध्या तासाने काकांची दुरुस्ती: "वहिनी सुखरूप. गादी गेली." त्यालाही दोघांनी हात जोडले. त्याखाली सेक्रेटरींची सूचना: जिन्यात सामान अडकवून ठेवणं हे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मध्ये बसत नाही. त्यांच्या स्वतःच्या मजल्यावर जिन्यालगत चपलांचं कपाट, मुलाची सायकल आणि तुळशीच्या तीन कुंड्या आहेत. त्या बसतात.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिला मेल्याचं काही वाटलं नाही. "'अल्पशा आजाराने' काय? दोन तास ऑपरेशन चाललं होतं," एवढंच म्हणाली. मग इडलीपात्राचं सांगितलं.

"परत दिलंय मी," आई म्हणाली. "तुझी मुंज... नाही, नातवाच्या मुंजीनंतर. घासून, पुसून."

दोन आठवडे फिजिओथेरपिस्ट तिला जिना उतरायचा सराव करा म्हणून विनवत होता आणि ती नाही म्हणत होती. त्या संध्याकाळी तिने वॉकर दारात ठेवला, कठडा धरला, एका वेळी एक पायरी करत खाली गेली आणि काकांची बेल वाजवली. मी मागे जायला लागलो तर हातानेच थांबवलं.

पाऊण तासाने वर आली. मागून काका, हातात डबा, नजर जमिनीवर. ते डबा ठेवून निघून गेले.

"त्याच पात्रातल्या आहेत," खुर्चीत बसत आई म्हणाली. "बुडाचं नाव वाचून आले."

चटणी दिली नव्हती.