उजव्या हाताला मैया, की कारखान्याची भिंत?

दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी सेव-उसळीच्या बशा आल्या की विषय कुठूनही निघतो; परवा तो सुनंदाताईंच्या सुजलेल्या घोट्यांवरून निघाला. नर्मदेची पायी परिक्रमा पुरी करून त्या नुकत्याच वडोदऱ्याला परतल्या आहेत. साऱ्या वाटेत त्यांना सर्वांत जड गेला तो सातपुड्यातला चढ नव्हे, तर समुद्र ओलांडून उत्तर तटावर उतरल्यानंतरचा, दहेजहून भरुचकडे येणारा सपाट डांबरी रस्ता.

दक्षिण तटावर विमलेश्वरला नावेसाठी भरतीची वाट पाहावी लागते, कारण खंभातच्या आखातात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या वर जातो आणि पाणी ओसरले की नाव गाळात बसते. ताईंनी ती रात्र किनाऱ्यावर पडशी उशाला घेऊन काढली, संगमावर बाटलीतले थोडे जल सागराला वाहून तेवढेच पुन्हा भरून घेतले, आणि मिठी तलाईला गुडघाभर चिखलातून त्या वर आल्या. “तिथपर्यंत पाणी म्हणेल तेव्हा निघायचे, पाणी म्हणेल तेव्हा थांबायचे,” त्या म्हणाल्या. “पुढे मात्र टँकर म्हणतील तसे. मैया उजव्या हाताला ठेवायची हा नियम. पण उजव्या हाताला कारखान्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे मैया आहे असे मानून चालायचे.”

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे असे की परिक्रमेची वाट कधीच एका जागी नव्हती. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणेश्वराचे जुने देऊळ गेले, नवे गोरा गावी उभे राहिले, आणि चालणारे वरच्या अंगाने चालू लागले. भरुचच्या खालच्या अंगाला, भाडभूत गावाजवळ नदीवर जो बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, बांधला जात आहे, ज्याचे भूमिपूजन २०१७ च्या ऑक्टोबरात झाले, त्याचे ९० दरवाजे समुद्राचे खारे पाणी वर चढू देणार नाहीत, भरुचच्या बाजूला गोडे पाणी साठेल, आणि पूर रोखण्यासाठी काठाने जे बांध घातले जात आहेत त्यांवरून परिक्रमावासींना नदी डोळ्यांसमोर ठेवून चालता येईल. खाऱ्या पाण्याबद्दल त्यांचे म्हणणे मला पटते. धरणाखाली प्रवाह रोडावल्यापासून समुद्र खाडीत किती आत येतो, हे काठच्या लोकांना विहिरीच्या चवीवरून कळते.

शरदराव मात्र उखडले. समुद्रातून पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणारा हिलसा मासा त्या दरवाजांशी अडला, तर भाडभूतच्या कोळ्यांनी जाळी कुठे टाकायची, हा त्यांचा प्रश्न होता. माशांसाठी वाट ठेवता येते, असे अण्णा म्हणाले, पण जरा हलक्या आवाजात. मग शरदरावांनी गाळाचा मुद्दा काढला. आखातापलीकडच्या घोघ्याहून दहेजला येणारी बोटसेवा २०१७ साली वाजतगाजत सुरू झाली आणि दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचत राहिल्यामुळे दोनच वर्षांत थांबली. २०२० मध्ये ती सुरतजवळच्या हजीऱ्याकडे वळवावी लागली. आता भरतीला आत शिरायची वाट भाडभूतलाच बंद झाली, तर पाण्याबरोबर येणारा गाळ दरवाजांच्या खालच्या अंगाला बसणार नाही का? येथे अण्णांनी वाद घातला नाही. भरतीचे पाणी जिथे थबकते तिथे ते गाळ टाकते, एवढे त्यांनी मान्य केले. विमलेश्वर-मिठी तलाई ही नावेची वाट बॅरेजच्या खालीच असल्याने ही गोष्ट केवळ अभियंत्यांची राहत नाही.

मला राहून राहून एक शंका येत होती, ती मी बोलून टाकली: बॅरेजवरून मोटारींचा सहापदरी रस्ता जाणार आहे, तर थकलेल्या परिक्रमावासीने तिथूनच पलीकडे गेले तर काय बिघडते? सुनंदाताईंनी बशी खाली ठेवली. “मैया ओलांडली की परिक्रमा खंडित. सागराला वळसा घालायचा तो त्यासाठीच.” शरदरावांना हसू आले, दोन मिनिटांत ओलांडता येणाऱ्या पुलाशेजारून माणसे भरतीसाठी रात्रभर ताटकळायला जाणार, ही कल्पनाच त्यांना फार आवडली.

“ते राहू द्या,” ताई म्हणाल्या. “अण्णा, तुमच्या त्या बांधावरून मला चालू देतील का, तेवढे सांगा.”

अण्णांनी चष्मा पुसला. बांधाच्या तोंडाशी साखळी असते, आणि साखळीला ‘अनधिकृत व्यक्तींना प्रवेश निषिद्ध’ असा फलक. “तसे दोन-तीन,” ते म्हणाले, “माझ्याच सहीने लागले आहेत.”